नवं फाउंटन पेन अडखळतंय? आधी धुवा, मग भिंग घ्या

पहिलं काम धुणं. कारखान्यातलं तेल कधीकधी फीडमध्ये, म्हणजे निबेला शाई पोचवणाऱ्या खालच्या भागात, राहिलेलं असतं आणि शाई त्यावरून घसरते. कपभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, कन्व्हर्टरने (पेनात शाई ओढून घ्यायची छोटी नळी) ते आठ-दहा वेळा ओढा-सोडा, मग साध्या पाण्याने साफ करा. गरम पाणी नको, फीड वाकडं होतं. रात्रभर निब खाली करून टिश्यूवर सुकू द्या.

तरीही अडखळत असेल तर दहापट भिंगातून निबेचं टोक समोरून बघा. मधल्या चिरेच्या दोन्ही बाजूंच्या पात्या एका पातळीत हव्यात. एक वर असेल तर खरखर एकाच दिशेच्या रेघेला जास्त जाणवते. वरची पाती नखाने अलगद खाली दाबून पाच सेकंद धरा, सोडा, परत बघा. एका झटक्यात सरळ करायला गेलात की ती पलीकडे जाते, आणि मग खेळ संपत नाही.

पात्या सरळ आहेत, लिहायला गुळगुळीतही आहे, पण प्रत्येक शब्दाचा पहिला फराटा कोराच आणि जरा दाबलं की शाई येते? मग टोकाच्या आतल्या कडा जास्त गोल घासल्या गेल्यात. शाई चिरेत वरच अडकते, कागदापर्यंत पोचत नाही. हा दोष धुऊन जात नाही. पॉलिश पेपर हातात घ्यायच्या आधी दुकानदाराला बदलून मागा; एकदा निब घासली की वॉरंटी बहुतेक गेलीच. आणि हो, चाचणी नेहमीच्या निळ्या शाईनेच करा, चमकीच्या शाईने नको.