थार दोन इंच उचलून २८५/७५ आर१६ टायर टाकले, आता वळताना घासतात. काय करू?

लिफ्टमुळे उभ्या गाडीत जागा भरपूर दिसते, पण बंप स्टॉप (चाकाला ठरावीक उंचीपलीकडे वर जाऊ न देणारे रबरी ठोकळे) जुनेच असतील तर खड्ड्यात चाक पूर्वीइतकंच वर जातं. शिवाय मूळ २४५/७५ आर१६ पेक्षा तुमचा टायर व्यासाने ६० आणि रुंदीने ४० मिमी मोठा. घासणारच.

आधी जागा शोधा. टायरच्या कडांना खडू फासा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून गाडी हळू पुढे-मागे घ्या आणि खडू कुठे उमटला ते बघा. नुसतं चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं लायनर असेल तर हीट गनने मऊ करून मागे दाबा, नाहीतर बंपरचा खालचा कोपरा छाटा. कापायला जीव होत नाही, पण बऱ्याचदा त्यातच भागतं. फक्त दणक्यात वर घासत असेल तर लांब बंप स्टॉप. आत कंट्रोल आर्मला (चाक चासीशी जोडणारा दांडा) लागत असेल तर कमी ऑफसेटचे, म्हणजे चाक थोडं बाहेर बसवणारे रिम. मात्र त्याने टायर बाहेर सरकून बंपरला लागू शकतो. चाक बाहेर काढायला रिममागे बसवतात ते फुटपाथवरचे स्वस्त स्पेसर नकोच.

ब्रेकचा होज वळताना ताणला जात नाही ना, हेही पाहा. अलाइनमेंट शेवटी. आणि हो, टायर मोठा झाल्याने मीटरवर ६० दिसेल तेव्हा गाडी सुमारे ६५ ने पळत असेल.