चीनमध्ये घरबांधणी मंदावली म्हणतात. तिथल्या बांधकाम साहित्याच्या बाजारात आता वाढ उरली आहे का? माल आणायची हीच वेळ आहे का?

कसली वाढ घेऊन बसलात! २०१४ साली चीनमध्ये सुमारे २४८ कोटी टन सिमेंट तयार झालं, २०२४ मध्ये जेमतेम १८२ कोटी. दुसऱ्या प्रश्नाचं मात्र मला कुणी विचारायचीच खोटी, सगळं सांगतो.

पुण्यात आमचं फर्निचर हार्डवेअरचं दुकान आहे. २०१७ साली मी दक्षिण चीनमधल्या फोशान शहरातल्या शुंद भागात ड्रॉवर चॅनल, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्या, घ्यायला गेलो. अर्धा कंटेनर म्हटल्यावर कारखानदाराने माझा चहाही पुन्हा भरला नाही. बरोबर होतं त्याचं. बिल्डर तयार फर्निचरसकट फ्लॅट विकत होते, एकेक ऑर्डर हजारो घरांची.

फक्त ते बिल्डर रोख देत नसत, हुंड्या देत, म्हणजे पुढच्या तारखेला पैसे द्यायचं लेखी वचन. २०२० मध्ये सरकारने बिल्डरांच्या कर्जावर ‘तीन लाल रेषा’, म्हणजे तीन मर्यादा आखल्या, २०२१ मध्ये एव्हरग्रांड ही बडी बिल्डर कंपनी कर्ज फेडू शकली नाही, २०२३ मध्ये तशीच कंट्री गार्डन, जिचं मुख्यालय शुंदमध्येच. हुंड्या राहिल्या कारखानदारांच्या कपाटात.

मग तोच कारखानदार मला वीचॅटवर, म्हणजे चिनी व्हॉट्सअ‍ॅपवर, रेट पाठवायला लागला. दहा कार्टन घ्या, पण घ्या. मी दादाला म्हटलं, हा माणूस घायकुतीला आलाय, थोडं थोडं घेऊ. दादा म्हणाला, स्वस्त आहे तोवर भरून ठेव, तू जन्माचा भित्रा. भरला तीस टक्के अ‍ॅडव्हान्स. पहिला लॉट आला, दुसऱ्याच्या वेळी एजंटने फोटो पाठवला: फाटकाला साखळी, आत आमच्या दुकानाचं नाव छापलेली खोकी पावसात भिजतायत.

तेव्हा मोठा भाऊ काहीही म्हणो, पडता भाव दिसला की आधी कारखान्यात जाऊन भट्ट्या, मशिनं चालू आहेत का बघा. टाइल्सच्या तर वाटेला जाऊ नका, त्यासाठी गुजरातमधलं आपलं मोरबी आहे.

सगळंच मेलंय असं नाही हं. जुन्या घरांच्या नूतनीकरणाला २०२४ मध्ये तिथल्या सरकारने अनुदान सुरू केलं, त्यामुळे किरकोळ गिऱ्हाईक टिकलं.

आमचे चारशे जोड चॅनल गोदामात आहेत. त्यांच्या क्लिपा दुसऱ्या लॉटमध्ये यायच्या होत्या. दादा म्हणतो, भंगारात घालू नकोस, भाव येईल.