सामाजिक संशोधनात आशेला जागा असावी का, की ती संशोधकाची दिशाभूल करते?

जागा असावी, पण कुठे ते पाहायला हवं. विषय निवडताना आशा लागतेच. काही बदलू शकतं असं वाटल्याशिवाय गरिबी किंवा गुन्हेगारीचा वर्षानुवर्षं पिच्छा कोण पुरवेल? घोळ होतो तो पुरावा वाचताना.

मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली सुरू झालेला केंब्रिज-सॉमरव्हिल प्रयोग बघा. पाचशेहून अधिक मुलं, त्यांच्या मिळत्याजुळत्या जोड्या लावलेल्या. जोडीतल्या एकाला समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं. दुसऱ्याला यातलं काहीच नाही. प्रयोग संपल्यावर तीसेक वर्षांनी गुन्हेगारीच्या अभ्यासक जोन मॅककॉर्ड यांनी त्या मुलांचा माग काढला. तोवर ती मध्यमवयीन झाली होती. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी सांगितलं, 'फायदा झाला.' नोंदी मात्र उलटं बोलत होत्या: पुन्हा पुन्हा गुन्हे, दारूचं व्यसन, अकाली मृत्यू, अशा बऱ्याच बाबतींत याच गटाची अवस्था जास्त वाईट होती. १९७८ मध्ये त्यांनी ते छापलं. तुलनेचा गट नसता, तर नुसत्या मुलाखतींवर हा प्रयोग यशस्वी ठरला असता. (आभार मानणारा माणूस समोर बसल्यावर संशोधकही विरघळतोच की.)

म्हणून मी एक साधी गोष्ट करतो. माहिती गोळा करण्याआधीच लिहून ठेवतो, की कोणता निष्कर्ष आला तर माझं चुकलं असं मी मान्य करेन. हे वाक्य लिहिताना हात अडखळला, तर तिथे माझी आशा लुडबुड करतेय हे लगेच कळतं.