प्लग-इन हायब्रिड गाडीत ‘इलेक्ट्रिक मोड उपलब्ध नाही’ असं रोज येतंय. ड्रायव्हर रात्री चार्जिंग लावतो म्हणतो. बॅटरी गेली की ड्रायव्हर थापा मारतोय?

नुसता बॅटरीचा प्रश्न असता तर वाचून पुढे गेलो असतो. शेवटी ड्रायव्हरचं जे शेपूट लावलंय त्याच्यासाठी लिहितोय. मी ड्रायव्हर आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या मालकांची गाडी चालवतो, तीही प्लग-इन हायब्रिडच, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि प्लग लावून चार्ज करायची बॅटरी दोन्ही असलेली, आणि तुमच्या ड्रायव्हरवर आज जो संशय आहे तो मी एक अख्खा उन्हाळा अंगावर वागवलाय.

आधी सरळ उत्तर. बॅटरी अशी सहसा अचानक जात नाही. हा मेसेज येतो तेव्हा बहुतेक वेळा बॅटरीत पुरेसा चार्जच नसतो. आता चार्ज नाही म्हणजे ड्रायव्हरनं लावलं नाही, असा हिशोब मालक लोक लगेच करतात. प्लग रात्री लावलेला असतो, सकाळी तिथंच असतो, आणि गाडी तरी उपाशी असते. हे कसं होतं ते सांगतो.

मालकांचं घर हिंदवाडीत, जुनं. गाडी पावसाळ्यात आली. पोर्चमधल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला गाडीबरोबर मिळालेला चार्जर लावायचा, सकाळी बॅटरी फुल. घर ते फॅक्टरी, फॅक्टरी ते कॅम्प, परत घर, सगळं इलेक्ट्रिकवर. मालक खूश, पेट्रोल पंपावाला नाराज. गुढीपाडवा झाला आणि गाडी बिघडली. रात्री लावताना चार्जरवर हिरवा दिवा, सकाळी येऊन बघतो तर लाल. बॅटरी जेमतेम. गाडी सुरू केली की मेसेज, आणि गेटच्या बाहेर पडायच्या आत इंजिन चालू.

पहिल्याच दिवशी मी मालकांना सांगितलं की चार्जर लाल दाखवतोय, लाइनचं काहीतरी आहे. मी आयटीआय केलेला माणूस आहे, इलेक्ट्रिशियन ट्रेड. नोकरी ड्रायव्हरची मिळाली म्हणून शिकलेलं पुसलं जात नाही. पण त्या आठवड्यात मालकांचे जावई पुण्याहून आले होते. आयटीत आहेत. मोबाइलवर काय काय बघितलं आणि मला अंगणात बोलावून म्हणाले, “मामा, पावसाळ्यात व्यवस्थित चार्ज व्हायची की नाही? मग आताच काय झालं? लावायचा कंटाळा येत असेल तर तसं सांगा.” मी म्हटलं, जावईसाहेब, लाल दिवा येतोय. तर म्हणे पिन नीट बसवत नसाल.

मग गाडी लांबच्या सर्व्हिस सेंटरला पाठवली. तिथं त्यांनी लावली, फुल चार्ज झाली, इलेक्ट्रिकवर फिरवून बघितली, जॉबकार्डावर ‘दोष आढळला नाही’ असा शिक्का. झालं! गाडीत दोष नाही म्हणजे दोष माझ्यात. त्यानंतर वॉचमनला सांगून ठेवलं होतं की मामा प्लग लावतात का बघत जा. वॉचमन माझ्याच गल्लीतला. त्यानंच मला येऊन सांगितलं.

एका सुट्टीच्या दिवशी गाडी मी फॅक्टरीत नेऊन लावली. फॅक्टरीचं अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत सोडणारी जोडणी, वेगळं, खड्डे नीट केलेले, उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला माणूस ठेवलेला. संध्याकाळपर्यंत बॅटरी भरली, एकदाही लाल नाही. मालकांना तिथंच बोलावून दाखवलं. मालक जुने शॉप फ्लोअरवरचे, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी वडगावचा वायरमन बोलावला. त्यानं १०० वॅटचा बल्ब घेतला. फेज आणि न्यूट्रलला लावला तर लख्ख, फेज आणि अर्थला लावला तर आतली तार नुसती लालसर. मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज बघितला. तो दोन-तीनच्या आत असावा, इथं तीसच्या वर. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “अर्थिंगे इल्ल री!” म्हणजे अर्थिंगच नाही हो!

वायर धरत धरत गेलो तर ती मागच्या नळाच्या जुन्या लोखंडी पाइपला बांधलेली. आमच्याकडच्या जुन्या घरांत असं सर्रास असतं. मध्यंतरी प्लंबरनं पाइपलाइन बदलून प्लास्टिकची टाकली होती, आणि लोखंडी पाइपाचा हातभर तुकडा तेवढा जमिनीत राहिला होता. पावसाळ्यात माती ओली, तेवढ्या तुकड्यावर कसंबसं भागायचं. उन्हाळ्यात माती वाळली आणि अर्थिंग संपलं. हा चार्जर अर्थ सारखा तपासत असतो. मिळाला नाही की करंट तोडतो, आणि तोडायलाच पाहिजे, नाहीतर करंट गळला तर गाडीच्या पत्र्याला हात लावणारा माणूस जाईल. पाइप पुरून, कोळसा-मीठ घालून नवीन खड्डा केला, वर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवला. त्या रात्रीपासून आजपर्यंत लाल दिवा बघितला नाही.

जावईबापूंना कळवलं तेव्हा ते काय म्हणाले असतील? “मामांनी आधीच नीट समजावून सांगायला हवं होतं.” आता बोला.

सर्व्हिस सेंटरनं ‘दोष नाही’ म्हटलं तर ते खरंही असू शकतं. गाडीत नाही, घरात असेल. आणि गंमत अशी की बऱ्याच गाड्यांच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंग कधी सुरू झालं, कधी तुटलं हे दिसतं. आमच्या गाडीचं अ‍ॅप कोणाच्या मोबाइलवर होतं? जावईबापूंच्या. ते उघडलं असतं तर वॉचमनला कामाला लावायची गरज नव्हती. तुम्हीही ड्रायव्हरला विचारायच्या आधी ते बघा.

दुसरा हिशोब करा. चार्जर ६ अँपिअरवर सेट असेल तर तासाला १.४ युनिटच्या आसपास जातात, १० वर असेल तर २.३. तुमची बॅटरी १८ युनिटची असेल तर ६ अँपिअरवर तेरा-चौदा तास लागतात. रात्री दहाला लावून सकाळी सातला काढली तर अर्धवटच भरणार. ड्रायव्हर खरं बोलतोय आणि बॅटरीही चांगली आहे, असं असू शकतं. मधे लाइट गेली की काही गाड्या परत आपोआप सुरू होतात, काही नाही. टायमर लागलाय का तेही बघा.

बॅटरी भरलेली असून मोड येत नसेल तर कारणं वेगळी. चोर्ला घाटातल्या धुक्यात पुढच्या काचेचा डीफॉगर दाबला की काही गाड्या गरम हवेसाठी इंजिन चालू करतात आणि काच साफ होईपर्यंत बंद करत नाहीत. गिअर स्पोर्टवर असेल, किंवा हायवेला कोणी चार्ज राखून ठेवायचं बटण दाबून विसरलं असेल, तर मिळणार नाही. अ‍ॅक्सिलरेटर खच्चून दाबला तर नाही. बॉनेट नीट लागलं नसेल तर काही गाड्यांत नाही. दिवसभर उन्हात तापलेली गाडी थोडी थंड होऊ द्या. थंडीचं कारण नेटवर सगळीकडे सापडेल, ते सोडून द्या, बेळगावची थंडी स्वेटरपुरती. आणि सगळं इलेक्ट्रिकवरच चालवून महिनोन्महिने पेट्रोल भरलं नसेल तर काही गाड्या जुनं पेट्रोल संपवायला स्वतःहून इंजिन चालू ठेवतात. बारा व्होल्टची छोटी बॅटरी मरायला आली तरी कसलेही मेसेज येतात. ती पहिली तपासा, स्वस्तात काम होतं.

तुमच्या गाडीला सॉकेटच नसेल, म्हणजे नुसती स्ट्राँग हायब्रिड असेल, तर वरचं चार्जिंगचं सगळं विसरा. तिथं इलेक्ट्रिक मोड थोडा वेळ, कमी वेगातच मिळतो. पण मग ड्रायव्हर चार्जिंग कुठं लावतो हे मात्र त्याला विचारा.

बॅटरी खरंच गेलेली असू शकते का? असू शकते. गाडीच्या डॅशबोर्डावर लाल इशारा आला आणि जातच नसेल तर स्कॅन करून घ्या आणि कोड जॉबकार्डावर लिहून मागा. ‘पी ० ए ८०’ आला तर तो बॅटरी पॅककडे बोट दाखवतो, ‘पी ० ए ए ६’ आला तर हाय व्होल्टेजच्या इन्सुलेशनकडे. मग गाडी चार्जिंगला लावूच नका. नुसतं तोंडी “बॅटरी बदला” म्हणणाऱ्याला लाखांचा चेक देऊ नका. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलना कोणी हात लावायचा नाही. बल्बची परीक्षाही लायसनवाल्या वायरमनकडूनच, मी लिहिलंय म्हणून स्वतः करू नका. एक्स्टेन्शन बोर्डावर लावत असाल तर आजच बंद करा.

वायरमन काय म्हणाला ते इथं लिहा. अर्थिंग निघालं तर ड्रायव्हरला समोर बसवून लिहा.