बेडकीचा पाला: जिभेवरची साखर आणि रक्तातली साखर

ताई, तुझा प्रश्न असा की आईची एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) 8.1 आलीये, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळ्या चालू आहेत, शेजारच्या काकू म्हणतात गोळ्या बंद करा नि बेडकीच्या पाल्याची पावडर सुरू करा, तर द्यावी का, आणि आईला न सांगता चहात घातली तर चालेल का. जरा लांबलचक लिहितेय, कारण आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय.

आधी गंमत. बेडकीचा पाला म्हणजेच गुडमार. दोन पानं नीट चावून तोंडात घोळव, कडवट लागतात, मग चूळ भरून चिमूटभर साखर टाक. वाळू! दाताखाली नुसती कचकच, गोडाचा पत्ताच नाही, आंबट-खारट मात्र बऱ्यापैकी कळतं. पानातली जिम्नेमिक ॲसिड्स जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या रिसेप्टरला जाऊन चिकटतात म्हणून हे होतं, अर्ध्या-एक तासात चव परत येते. हा पदार्थ 1887 मध्येच हूपर नावाच्या केमिस्टने वेगळा काढला होता.

पण लोक फसतात ते इथंच. जिभेला साखर कळली नाही म्हणजे रक्तातली उतरली असं नाही ना! तो लाडू पोटात गेलाच. पोटात गेल्यावर काय होतं, तर आतड्यातून ग्लुकोज शोषलं जाणं कमी होतं असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय, आणि स्वादुपिंडाच्या पेशींतून इन्सुलिन जास्त सुटतं असं लॅबमध्ये. माणसांवरचा जो अभ्यास सगळे सांगतात तो 1990 चा, मद्रासचा, टाइप 2 चे 22 पेशंट, रोज 400 मिलिग्रॅम अर्क, तोही नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीने, दीड वर्षाच्या वर. साखर उतरली, काहींचे डोस कमी झाले, पाच जणांच्या गोळ्या सुटल्या. काकूंपर्यंत बहुतेक फक्त हे पाच जणच पोचलेत. बावीस माणसं तर आमच्या बिल्डिंगच्या एका मजल्यावर निघतील, आणि ठराविक मापाचा अर्क वेगळा नि काष्ठौषधीच्या दुकानातली पुडी वेगळी, पुडीत किती काय आहे कोण मोजतंय.

झाडपाल्याला नावं ठेवत नाहीये हां, आई घेते ती मेटफॉर्मिनसुद्धा गॅलेगा नावाच्या युरोपातल्या झाडावरून सुचलेल्या रसायनांच्या घराण्यातली, 1957 मध्ये डायबेटिसवर वापरात आली. फक्त तिचं माप ठरलेलं आहे.

आता आमची कथा. सासऱ्यांनी ग्लिमेपिराइड चालू ठेवून गुपचूप पावडर सुरू केली. एक दिवस पूजेला बसले नि बनियन घामाने चिंब, हात थरथरतायत, मीटरवर साखर 58, म्हणजे फारच खाली. मी साखरपाणी दिलं तर ढकलून देतात, "नुसतं पाणी काय देतेस!" पावडर नुकतीच घेतलेली, गोड लागणार कुठून. कसंबसं पाजलं तेव्हा पंधरा-वीस मिनिटांनी सावरले. गोळी घेऊन उपाशी बसले होते, त्यामुळे सगळा दोष पावडरचा म्हणणार नाही, पण ग्लिमेपिराइडही इन्सुलिनच सोडवते, त्यावर हे आणखी.

म्हणून गोळी अजिबात बंद करू नकोस. पावडर द्यायचीच असेल तर पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते हो म्हणाले तर रोज उपाशीपोटीची नि जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिही, आणि पुढची एचबीएवनसी तीन महिन्यांनी.

आणि चहात लपवून वगैरे नको. पहिल्या दोन घोटांतच चहा फिक्का लागेल, आई आणखी दोन चमचे साखर घालून घेईल.