विहिरीत पाणी आहे, स्टार्टरच उचलत नाही

प्रश्न : मॅडम, मी विट्याची, वय ४७. मुलगी साताऱ्यात झूलॉजीत एमएस्सी करतेय, प्रोजेक्टला वय झालेल्या रॅटच्या (मोठ्या उंदराच्या) माद्या आहेत. ती म्हणते, आई, यांचं पण तुझ्यासारखंच चक्र बिघडलंय. माझी पाळी वर्षभर पुढंमागं होतेय, रात्री अंगातून वाफा निघतात. त्यांचं आणि आपलं खरंच सेम असतं का?

उत्तर : ताई, सेम नसतं. पहिली गोष्ट, त्यांना पाळीच येत नाही, गायम्हैस माजावर येते तसं त्यांचं असतं, फक्त म्हशीचं चक्र साधारण २१ दिवसांचं तर यांचं ४-५ दिवसांचं. आणि ते बिघडायला लागतं जेमतेम १० महिने ते वर्षाच्या वयात.

मुलगी रोज ड्रॉपरनं दोन थेंब सलाइन घेऊन मादीच्या योनीतल्या पेशींचा नमुना, म्हणजे स्मिअर, काढत असेल, एकदा तिच्या शेजारी बसून मायक्रोस्कोपमधून बघा. माजाच्या दिवशी काचभर कडा मुडपलेल्या सुक्या पापुद्र्यांसारख्या पेशी दिसतात, दोन दिवसांनी त्या जाऊन खसखस सांडल्यासारख्या बारीक पांढऱ्या पेशी. वय झालेल्या मादीत मात्र आज पापुद्रे, उद्या पापुद्रे, कितीतरी दिवस नुसते पापुद्रेच. म्हणजे अंडाशय इस्ट्रोजेन हॉर्मोन बनवतंय, पण अंडं काही सुटत नाही.

का सुटत नाही? अंडं सुटायला मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच हॉर्मोनची एकदम मोठी लाट यावी लागते. तरुण मादीत ती माजाच्या आदल्या दुपारी ठरल्या वेळी येते, वय झालं की उशिरा येते, कमी येते आणि शेवटी येतच नाही. गंमत म्हणजे चक्र वरवर ठीक चाललेलं असतं तेव्हाच ही लाट बारीक व्हायला लागलेली असते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये पिट्युटरीला ही लाट सोडायला लावणारं जीएनआरएच हॉर्मोन बनवणाऱ्या पेशी असतात, त्यांची संख्या फारशी घटत नाही, पण त्यांना हलवून जागं करणारा किसपेप्टिन या मेंदूतल्याच रसायनाचा निरोप कमी पडतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला एका वाक्यात कळेल, विहिरीत पाणी आहे पण स्टार्टर उचलत नाही.

हे तपासायला १९७०च्या दशकात साधा पण फार हुशारीचा प्रयोग झाला, म्हाताऱ्या रॅटचं अंडाशय तरुण मादीत बसवलं तर ते परत चालू लागलं, आणि तरुण अंडाशय म्हातारीत बसवलं तर चक्र काही नीट लागेना. पार्किन्सनला देतात ते मेंदूवर काम करणारं औषध एल-डोपा दिल्यावरही काही म्हाताऱ्या माद्यांची चक्रं परत सुरू झाली, म्हणजे अडचण बऱ्यापैकी वर, मेंदूतच होती. (माउस म्हणजे छोट्या उंदरात अंडाशयाचा वाटा जास्त असतो, त्यामुळं प्रोजेक्ट लिहिताना रॅट आणि माउस एकाच दावणीला बांधू नकोस म्हणावं.)

बाईचं उलटं आहे. आपली विहीरच आटते, अंड्यांचा साठा संपत येतो, आणि वरून मोटार जोरजोरात फिरते, म्हणून पाळी गेल्यावर तपासणीत एफएसएच, म्हणजे अंडाशयाला कामाला लावणारं पिट्युटरीचं हॉर्मोन, वाढलेलं दिसतं. रॅटमध्ये माणसासारखी अवस्था आणायची तर व्हीसीडी नावाचं केमिकल देऊन लहान फॉलिकल (अंडं असलेल्या बारीक पिशव्या) मुद्दाम संपवावे लागतात, आपोआप तसं होत नाही. म्हणून उंदरांवर अमुक चाललं म्हणून बायकांनी तेच घ्यावं असं कुणी सांगितलं, अगदी कौतुकानं फॉरवर्ड केलं तरी, ऐकू नका.

पण उंदरांचं काम वाया जात नाही हो. तुमच्या वाफांचंच घ्या. इस्ट्रोजेन कमी झालं की हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी बेभान होतात आणि शरीराचं तापमान सांभाळणारी जागा भलत्या वेळी चेतवतात, हा धागा पकडण्यात रॅटवरच्या कामाचा मोठा हात आहे आणि त्याच वाटेवर काम करणाऱ्या फेझोलिनेटंट या गोळीला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

तुमचं वय बघता पाळी पुढंमागं होणं साहजिक आहे, आपल्याकडं ती साधारण ४६-४७ला जाते. तारखा मात्र कॅलेंडरवर लिहीत जा, आणि रक्तस्राव फार होत असेल, मधेच होत असेल किंवा वर्षभर बंद राहून परत आला तर थांबू नका, त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. मुलीला सांगा, स्मिअर रोज एकाच वेळी काढ आणि खोलीतला लाईट ठरल्या वेळीच चालू-बंद कर, एलएचची ती लाट उजेडाच्या वेळेवर बांधलेली असते.