उंदीर मारायला एमएस्सी कशाला?

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी बीएस्सी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि बेटांवरचे उंदीर संपवण्याचं काम करायचं म्हणते. ‘उंदीर मारायला एवढं शिकायचं?’ हा तुमचा प्रश्न वाचून हसलो, पण प्रश्न रास्त आहे.

दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाचं बघा. सील आणि देवमाशांच्या शिकारीला आलेल्या जहाजांतून उंदीर उतरले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करू लागले. तिथली तीरचिमणी जगात दुसरीकडे कुठेही नाही. २०११ ते २०१५ या काळात हेलिकॉप्टरमधून सुमारे ३०० टन विषारी खाद्य टाकलं. एक गाभण मादी उरली तरी सगळं मुसळ केरात, म्हणून एक घळही सुटून चालत नव्हती. हिमनद्यांमुळे बेटाचे आपसूक वाटे पडले होते. उंदरांना त्या ओलांडता येत नाहीत, म्हणून एकेक वाटा साफ करता आला. विषही असं, की उंदीर काही दिवसांनी मरतो. लगेच मेला तर बाकीचे खाद्याला तोंड लावणार नाहीत!

पुढचं काम चिकाटीचं. जागोजागी मेणाचे ठोकळे ठेवायचे आणि त्यांवर दात उमटलेत का ते बघत हिंडायचं. शेवटी वास काढणारी कुत्री बेटभर फिरवली, तेव्हा कुठे २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. याउलट दक्षिण अटलांटिकमधल्याच गॉफ बेटावर २०२१ मध्ये एवढाच खटाटोप केला, आणि त्याच वर्षाअखेर उंदीर पुन्हा दिसला.

म्हणून शिक्षण लागतं: प्राण्यांची संख्या मोजणं, संख्याशास्त्र, जीआयएस (संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळणं). डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतली वन्यजीव विषयाची एमएस्सी बघा. जागा मोजक्याच असतात, तयारी आत्तापासून हवी. निव्वळ या कामाची नोकरी आपल्याकडे जवळपास नाहीच. न्यूझीलंडने मात्र २०५० पर्यंत देशातून उंदीर हटवायचं ठरवलंय, तिथे वाव आहे. पहिली काही वर्षं पगार बेताचा आणि मुक्काम तंबूत, हे धरून चाला.

खरी अडचण वेगळीच आहे. तुम्हीच लिहिलंय, पिंजऱ्यात सापडलेला उंदीर ती ओढ्यापलीकडे सोडून येते. साउथ जॉर्जियात त्या खाद्याने काही स्कुआ (मेलेले प्राणी खाणारे समुद्रपक्षी) आणि बदकंही मेली. हे तिला सांगा. ती काय म्हणते, ते मला कळवा. प्रवेशाचं मग बोलू.